चादरीची चार टोकं

चौदा वर्षांची पोर उचलायला चार माणसं लागतात, हे मला धुळ्यात शिकवण्यात आलं. तोवर आमच्याकडे ते काम एक बाई करत होती.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. जळगावला अपंग मुलींच्या एका वसतिगृहाची मी अधीक्षिका होते. गावाबाहेर, केळीच्या बागांना लागून, लांबलचक पत्र्याची इमारत. एप्रिल-मे महिन्यात आत बसलं की केळ्यांसारखे आपणच पिकायच्या भट्टीत पडलोय असं वाटायचं. पंचवीस-तीस मुली होत्या, बहुतेक पोलिओच्या. त्या कुबड्या घेऊन दिवसभर टकटक करत फिरायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या रिबिनी चोरायच्या. पण पाच-सहा जणी अशा होत्या, की कुणी अंथरुणातून उचलल्याशिवाय त्यांचा दिवसच सुरू होत नसे. त्यांत सगळ्यात मोठी बोदवडची. आमच्याकडे मुलींना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. हिचे हातपाय जन्मापासून आखडलेले, एखादी गोष्ट धरायला जावं तर हात भलतीकडेच जायचा. डोकं मात्र तल्लख. बोलताना अडखळायची, पण जे बोलायची ते बरोबर जिव्हारी लागायचं. मला एकदा म्हणाली होती, ''बाई, तुम्ही रोज काय लिहिता एवढं? कुणी वाचत तर नाही.''

या मुलींना सांभाळायला चार बायका होत्या. कागदावर त्यांचं नाव 'काळजीवाहक'. चार म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण दिवसाच्या पाळ्या तीन, आणि एकीची सुट्टी कायम असायचीच. म्हणजे पाळीला बाई एक. हे गणित तिसरीतल्या पोरीलाही कळलं असतं, आणि मी तर बी.ए. होते.

चौघींत थोरली अक्का. चाळीसगावकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीला टेकलेली. नवरा फार लवकर गेला होता. एकुलती एक मुलगी लग्न होऊन चाळीसगावात नांदत होती आणि अक्काचा एकच हट्ट होता: जावयाच्या दारात भाकरी खायची वेळ येऊ द्यायची नाही. जावई वाईट नव्हता, पण लेकीच्या घरी म्हातारपण काढणं म्हणजे तिच्या लेखी मरणाहून वाईट. एकदा सकाळी ती बोदवडचीला कडेवर घेऊन जात असताना मी म्हटलं, ''अक्का, जरा जपून, कंबर धरेल.'' तर ती हसली, तिच्या अहिराणीत म्हणाली, ''कंबर शे तं भाकर शे, बाई.''

हो, कडेवर. चौदा वर्षांची पोर ती तान्ह्या लेकरासारखी कडेवर घ्यायची. पोरीचे पाय अक्काच्या नडगीपर्यंत लोंबायचे. न्हाणीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून वर्गापर्यंत, दिवसातून सहा-सात वेळा. बाकीच्या बायका कुरकुरत करायच्या ते अक्का गाणं म्हणत करायची आणि म्हणून सकाळची पाळी, जिच्यात आंघोळी असतात, ती कायम तिच्याच गळ्यात.

त्या वर्षी परिपत्रक आलं. संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या जागी सुरक्षितपणे कसं वागायचं याचं प्रशिक्षण द्यावं, दर तीन महिन्यांनी सराव घ्यावा, नोंदवहीत कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. नाही घेतल्या तर अनुदानाचं पाहावं लागेल. परिपत्रक वाईट नव्हतं, हे आज मी सांगते. ज्यानं लिहिलं त्यानं कुठेतरी एखादी मोडलेली कंबर पाहिली असणार. पण आमच्यापर्यंत येईतो त्यातलं शेवटचं वाक्यच काय ते जिवंत राहिलं होतं.

आमच्या संस्थेचे सचिव, सगळे त्यांना आबा म्हणत. बाजारात त्यांची पिढीजात पेढी होती. वाईट माणूस मुळीच नव्हे. दिवाळीला प्रत्येक मुलीला स्वतः फ्रॉक आणून देणारा. त्यांनी परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं. ''बाई, तुम्ही धुळ्याला जाऊन या. तिथे दोन दिवस शिकवणार आहेत. आपली वही अशी ठेवा की कुणी बोट ठेवायला नको.''

गेले. एसटीनं, पारोळ्याला एक कप चहा पिऊन. धुळ्यात एका समाजमंदिरात आम्ही वीस-पंचवीस जण जमलो होतो. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ होते, जन्मभर सूतगिरणीत सुरक्षेचं काम केलेले. आगीच्या बादल्या, वाळू, वायरिंग हे त्यांनी झकास शिकवलं. उचलण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी सरकीचं एक पोतं मधोमध आणून ठेवलं. गुडघ्यात वाका, पाठ सरळ, वजन अंगाशी. मग म्हणाले, ''तुमच्याकडे पोत्याऐवजी मूल. फरक इतकाच की पोतं हलत नाही.'' लोक हसले, मीही हसले. पुढे त्यांनी खरी युक्ती दाखवली. जड, आखडलेल्या रुग्णाखाली जाड चादर सरकवायची, चार टोकं चौघांनी धरायची, एकानं तीन म्हणायचं आणि चौघांनी एकदम उचलायचं. कुणाच्याच कंबरेवर भार येत नाही. पोतं किती अलगद उठलं म्हणून सांगू! मला फार आवडली ती युक्ती.

मी हात वर केला. ''सर, आमच्याकडे पाळीला एकच बाई असते.''

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. ''ते व्यवस्थापनाचं झालं. माझ्या विषयात येत नाही.''

खोटं बोलले नाहीत बिचारे. येतच नव्हतं. कुणाच्याच विषयात येत नव्हतं.

परत आल्यावर मी मोठ्या उत्साहानं चौघींनाही एकाच दिवशी बोलावलं. जाड सुती चादर नवीन आणली. मुली भिंतीला ओळीनं बसून बघत होत्या. प्रात्यक्षिकासाठी बोदवडचीलाच घेतलं, कारण सगळ्यात जड तीच. चटईवर तिच्याखाली चादर सरकवली, चार कोपऱ्यांना चौघी. मी धुळ्याच्या सरांसारखी उभी राहून म्हटलं, ''एक, दोन, तीन.''

उचलली. छान उचलली गेली, अगदी अलगद. पण पोरीला जमिनीपासून असं अधांतरी राहायची सवय नव्हती. तिनं घाबरून डोळे घट्ट मिटले, अंग ताठ केलं.

आणि अक्कानं तिचं टोक सोडलं.

पोर वीतभरच घसरली, चटईवर आली, लागलं काही नाही. पण अक्का तिच्या तोंडाशी जाऊन ओरडत होती, ''डोया उघड, माय! डोया उघड!'' पोरीनं डोळे उघडले तेव्हा अक्कानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून ठेवलं, कितीतरी वेळ. मी चिडले. हे काय नाटक म्हणून विचारलं. तर अक्का माझ्याकडे वळली आणि कधी नव्हे ते माझ्यावर आवाज चढवून म्हणाली, ''बाई, चार जन कोनले उचलतस? मुडदाले उचलतस. हाई पोर जित्ती शे!''

बाकीच्या तिघींनी चादर अशी सोडली जशी ती तापलेली इस्त्रीच होती. चादरीत घालून, चौघांनी, मिटलेल्या डोळ्यांचं माणूस. त्यांच्या घराघरांतून ते तसंच बाहेर गेलेलं होतं. अक्काचा नवरा शेतातून घरी आणला तो चादरीत घालून, चार टोकं चौघांनी धरून, हे मला मागाहून कळलं. अक्का बोदवडचीला बजावत होती, पुन्हा कधी कुणी चौघांनी उचललंच तर डोळे मिटायचे नाहीत, टक्क उघडे ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्या देवालाही कळतं की हे माणूस अजून इथलंच आहे.

आता खरं सांगते, कारण एवढ्यासाठीच हे लिहायला बसले. मला त्या वेळी राग आला, पण रागाच्या खाली बरं वाटलं. मनातल्या मनात हायसं वाटलं. कारण या बायकांनी चादर मान्य केली असती तर मला आबांकडे जाऊन सांगावं लागलं असतं, की चादरीला टोकं चार आहेत आणि पाळीला बाई एक. दुसऱ्या पदासाठी भांडावं लागलं असतं. निदान सकाळच्या पाळीला दोघी हव्यात, दोघींनी उचलायची रीत तरी शिकवू, असं म्हणावं लागलं असतं. आबांच्या कपाळावर आठी आली असती, आणि मला त्या आठीची भीती वाटायची. बायकांच्या अपशकुनानं माझी सुटका केली. आयतं निमित्त मिळालं.

संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिलं: 'चार कर्मचाऱ्यांनी चादरीच्या साहाय्याने उचलण्याचे प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पाडले.' खाली चौघींचे अंगठे. अक्कानं अंगठा देताना विचारलंसुद्धा नाही, काय लिहिलंय. माझ्यावर तिचा विश्वास होता. तीन महिन्यांनी सरावाची वेळ आली तेव्हा मी सराव घेतलाच नाही, नुसते अंगठे घेतले. पुढच्या तीन महिन्यांनीही. चौघी वेगवेगळ्या पाळ्यांना यायच्या, त्यामुळे एका 'सरावा'चे अंगठे गोळा करायला मला दोन दिवस लागायचे. चादर इस्त्री करून कपाटात. आबांनी वही पाहिली आणि म्हणाले, ''वा बाई, याला म्हणतात काम.'' नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

अक्काचं गाणं कधी बंद झालं ते माझ्या नीटसं लक्षात नाही. लक्षात आलं ते एवढंच की ती हल्ली लुगड्याची जुनी पट्टी कंबरेला करकचून बांधून येते, तिच्या अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास येतो, आणि पोरीला उचलण्याआधी ती भिंतीला एक हात टेकून क्षणभर उभी राहते. मी विचारलं. ''काही नही, बाई. वातावरन शे.'' मला माहीत होतं वातावरण नाही. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. कंबर गेली असं तिनं तोंडानं म्हटलं असतं तर काम गेलं असतं, आणि काम गेलं की चाळीसगावची गाडी. म्हणून ती बोलली नाही. मी का बोलले नाही, त्याला इतकंसुद्धा कारण नव्हतं.

थंडीतली सकाळ होती. जळगावात थंडी पडली की स्वयंपाकघरात भरिताची वांगी भाजायला घ्यायचे, त्या दिवशीही तो वास येत होता. न्हाणीघराबाहेर एक दगडी पायरी आहे, ती कायम ओली. अक्का बोदवडचीला न्हाऊ घालून, टॉवेलात गुंडाळून, कडेवर घेऊन बाहेर पडली. मी समोरच व्हरांड्यात होते. तिचा पाय घसरला नाही, मी नीट पाहिलंय. आधी तिची कंबर गेली. चेहऱ्यावरून काहीतरी विझल्यासारखं झालं आणि मग पाय गेला. पडतानाही तिनं पोरीला दोन्ही हातांनी छातीवर धरून ठेवलं. हात टेकायला मोकळाच नव्हता. पायरीची कड तिच्या पाठीत बसली, पोर तिच्या अंगावर. पोरीला खरचटलंसुद्धा नाही.

मी धावले. पोरीला बाजूला घेतलं. अक्का हलली नाही. ''पाय कोठे शेत मना?'' असं काहीतरी म्हणाली; पाय तिथेच होते, तिला ते लागत नव्हते.

स्वयंपाकीण आली, पहारेकरी आला, शिवण शिकवणाऱ्या बाई आल्या. मी धरून चौघं. पाहा, त्या दिवशी चौघं लगेच मिळाले. मी कपाटाकडे धावले आणि ती इस्त्रीची चादर घेऊन आले. धुळ्यात शिकले होते तसं सगळं केलं. हळूच कुशीवर केलं, चादर सरकवली, चार टोकं चौघांना दिली.

अक्कानं चादर पाहिली. माझा हात धरला. ''चादर नको, बाई. मी आजून जित्ती शे.''

''जित्तीच आहेस ग अक्का, म्हणून तर,'' असं मी म्हणाले, रडत म्हणाले, आणि एक, दोन, तीन म्हटलं.

उभ्या आयुष्यात मी ती युक्ती एकदाच अगदी बिनचूक केली. कुणाच्या कंबरेवर भार आला नाही. फाटकाशी आलेल्या टेंपोपर्यंत आम्ही तिला तशी नेली आणि त्या सबंध वाटेत अक्कानं डोळे मिटले नाहीत. वर ऊन थेट तोंडावर येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी पडू दिली नाही. व्हरांड्यातून बोदवडची ओरडत होती, तिच्या त्या अडखळत्या आवाजात, ''अक्का, डोळे! अक्का, डोळे!''

अक्का जगली. कंबरेखाली थोडीफार जाण परत आली, उभं राहणं आलं नाही.

चौकशीला एक अधिकारी आले. तरुण, शिकलेले, अगदी सभ्य. पुस्तकांतून चांगल्या गोष्टी वाचलेले. त्यांनी वही उघडली. प्रशिक्षण, सराव, पुन्हा सराव, सगळीकडे अक्काचा अंगठा. आबा माझ्या शेजारच्या खुर्चीत. अधिकाऱ्यांनी विचारलं, ''एवढं प्रशिक्षण असताना त्या बाईंनी चादर का वापरली नाही?''

माझ्याजवळ तीन उत्तरं होती. एक, पाळीला बाई एकच असते. दोन, सराव झालेच नाहीत, वही खोटी आहे. तीन, या बायका चादरीला अपशकुन मानतात. तिन्ही खरी. पहिल्यानं आबा अडकत होते, दुसऱ्यानं मी. मी तिसरं दिलं.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. ''म्हणजे अंधश्रद्धा!'' असं म्हणून त्यांनी तो शब्द लिहिला, खाली रेघ मारली. मला सहानुभूतीनं म्हणाले, ''तुम्ही तरी किती करणार, बाई? लोकांची मानसिकताच तशी.'' आबांनी मान डोलावली. मीही डोलावली. अंधश्रद्धा म्हणे! अक्काची श्रद्धा काय होती, तर जिवंत माणसाला मेल्यासारखं उचलू नये. आमची काय होती? वहीत लिहिलं की झालं. देवाशपथ सांगते, त्या खोलीत आंधळे आम्ही तिघं होतो.

जबाब घ्यायला ते दवाखान्यात गेले, सोबत मी. अक्का उताणी पडून छताकडे बघत होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला शिकवलं होतं का? अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, ''बाईनी शिकाडं व्हतं. मीच आयकं नही.''

उताण्यानं तिला जमेना म्हणून शाईचा पॅड मी धरला. अंगठा मीच टेकवला. आणखी एक. अधिकारी कागद घेऊन बाहेर गेले तेव्हा तिनं माझा पदर ओढला आणि हळूच, कुणी ऐकू नये अशी, विचारलं, ''आते मनं काम राही ना, बाई?''

तिनं मला वाचवलं होतं ते त्यासाठी. मी तिला वाचवीन या हिशेबानं. मी म्हणाले, ''पाहू.'' इतका नीच शब्द मी आयुष्यात दुसरा उच्चारलेला नाही.

चूक कर्मचाऱ्याची ठरली. संस्था तिचं काही देणं लागत नव्हती. आबांनी आपल्या खिशातून जीप करून दिली. पाठवायला मी फाटकाशी गेले होते, तिचा जावई आला होता, तिला नीट पाठीशी उशी देऊन बसवत होता. अक्का माझ्याशी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर तिचे उपकार मानले असते. जीप चाळीसगावच्या रस्त्याला लागली. मी पुढे कधी भेटायला गेले नाही. दोन वर्षांनी लेकीच्या घरीच वारली असं कळलं, तेव्हाही नाही.

तिच्या जागी नवी बाई आली, चोपड्याची, तरणी. पुढच्या वर्षी तपासणी ठरली तेव्हा मी चौघींना एकाच दिवशी बोलावलं. अधिकारी दुसरे होते. कपाटातून चादर निघाली. बोदवडची आता पंधरा संपलेली, आणखी जड. एक, दोन, तीन म्हटलं आणि ती उचलली गेली. डोळे टक्क उघडे. अधिकाऱ्यांकडे नाही, छताकडे नाही, सरळ माझ्याकडे. ''वा! अजिबात घाबरत नाही,'' अधिकारी म्हणाले. पोर कष्टानं एकेक शब्द काढत म्हणाली, ''अक्कानं सांगितलंय.'' अक्का कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी शेरा लिहिला, चहा घेतला आणि ते गेले. तिघी बायका घरी गेल्या. चादर घडी होऊन कपाटात गेली. संध्याकाळी पोरीला खाटेवर न्यायचं होतं. चोपड्याच्या बाईनं पदर खोचला, भिंतीला हात न टेकता खाली वाकली आणि तिला एकटीनं उचलून कडेवर घेतलं. मी कपाटाला कुलूप लावलं आणि लिहायला वही उघडली.